प्रूस्तचे ६२ थांबे : एका सहवाचनाच्या नोंदी

फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्तची ‘आ ला रशेर्श द्यू ताँ पेर्द्यू’ ही सात भागांची कादंबरी इंग्रजी अनुवादांतून, आठवड्याला ठरलेला मजकूर वाचून आणि दर रविवारी ऑनलाइन भेटून पुरी करायची, त्या कामाच्या या नोंदी. वाचणारे सगळे मराठी. कोणी ठाण्यात, कोणी पुण्यात, पणजीत, दोघं न्यू जर्सीत. थांबा म्हणजे आठवड्याचा मजकूर जिथे संपतो ती जागा; नोंदी थांब्यांच्या क्रमाने आहेत. कादंबरी स्वतः वाचत असाल तर जिथवर पोचला आहात तिथवरच्याच पाहा, पुढे कथानक उघडं पडतं.

२४ डिसेंबर २०२३ : आवृत्त्या आणि हिशेब

आज फक्त कोणाकडे कोणतं पुस्तक आहे ते जमवलं. चार प्रकार निघाले. स्कॉट माँक्रिफचा १९२२ पासूनचा मूळ अनुवाद फुकट मिळतो, म्हणून बहुतेकांकडे तोच. दुसरा त्याच अनुवादाचा दुरुस्त अवतार : टेरेन्स किल्मार्टिनने १९८१ मध्ये सुधारला, मग डी. जे. एन्राइटने १९९२ मध्ये पुन्हा हात फिरवला. मॉडर्न लायब्ररीचा सहा खंडांचा संच म्हणजे हा. तिसरा पेंग्विनचा २००२ चा, क्रिस्टोफर प्रेंडरगास्टच्या देखरेखीखाली सात भागांना सात अनुवादक. चौथा विल्यम कार्टरने समासात टिपा घालून संपादित केलेला येल विद्यापीठाचा.

फुकटवाल्यांना एक इशारा. माँक्रिफ १९३० मध्ये वारला तेव्हा सातवा भाग व्हायचा होता, तो इतरांनी केला. त्यामुळे फुकटच्या संचात शेवटचा भाग आहे का, आणि कोणाचा, हे आत्ताच उघडून बघा. पंधरा महिन्यांनी शोधाशोध नको.

नावांचाही घोळ आहे. ‘रिमेंबरन्स ऑफ थिंग्ज पास्ट’ आणि ‘इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम’ ही एकच कादंबरी. ‘सिटीज ऑफ द प्लेन’ म्हणजेच ‘सॉडम अँड गमोरा’. ‘द स्वीट चीट गॉन’ म्हणजेच ‘द फ्युजिटिव्ह’. ‘स्वान इन लव्ह’ नावाचं सुटं पुस्तक दिसतं तो पहिल्या भागाचाच मधला तुकडा आहे. एकाने तो दुसरा भाग समजून मागवला, ती ऑर्डर आज रद्द झाली.

पहिलं इंग्रजी नाव शेक्सपिअरच्या सुनीतातून उचललेलं. प्रूस्तला ते रुचलं नव्हतं, आणि तक्रार रास्त होती : ‘पेर्द्यू’ म्हणजे हरवलेलाही आणि वाया घालवलेलाही. इंग्रजीत दोन्ही एका शब्दात बसत नाहीत. मराठीत ‘गमावलेला’ जवळपास बसतो, कारण गमावण्यात आपला दोष असतो आणि हरवण्यात तो असतोच असं नाही.

हिशेब असा. मॉडर्न लायब्ररीच्या संचात प्रस्तावना आणि टिपा सोडून सुमारे ४,३०० पानं. दिवसाला १० धरली तर आठवड्याला ७०, म्हणजे ६२ आठवडे. या गद्याची १० पानं शांतपणे वाचायला अर्धा ते पाऊण तास लागतो. वर सहा रविवार मोकळे : भाग संपल्यावर दम खायला, एक गणपतीत, एक दिवाळीत. १४ जानेवारीला पहिली भेट, २७ एप्रिल २०२५ ला शेवटची. जे लोक ‘वर्षात संपवू’ म्हणून निघतात ते तिसऱ्या भागात गळतात, कारण त्यांच्या वेळापत्रकात आजारपणाला आणि पाहुण्यांना जागाच नसते.

३१ डिसेंबर २०२३ : थांबे आणि नोंदवही

पान क्रमांक निरुपयोगी. चार आवृत्त्या, त्यात किंडलवर पानंच नाहीत, आणि प्रकरणं म्हणावीत तर कित्येक ठिकाणी दोनशे पानांत एक. म्हणून थांबा प्रसंगावर ठरवायचा आणि त्याबरोबर पुढच्या परिच्छेदाचे पहिले सहा शब्द प्रत्येक अनुवादातून उतरवून ठेवायचे. किंडलवाले ते शब्द शोधपेटीत टाकतात, छापील पुस्तकवाले पेन्सिलीने आडवी रेघ मारतात. थांबा प्रसंगाच्या फटीत पडायला हवा, त्यामुळे काही आठवडे ५८ पानांचे झाले, काही ८५ चे.

नोंदवही म्हणजे सगळ्यांना उघडणारा एक तक्ता. रकाने पाच : नाव, इतर नावं आणि पदव्या, पहिल्यांदा कोणत्या थांब्यावर, कोणाचा कोण, शेवटचं कुठे दिसलं. नियम एकच, आजच्या थांब्यापलीकडचं काहीही लिहायचं नाही. इंटरनेटवरची तयार पात्रयादी लावली असती तर काम वाचलं असतं, पण त्या याद्यांत पहिल्याच ओळीत कोणाचं कोणाशी लग्न होतं ते लिहिलेलं असतं.

वस्तूंसाठी रकाना ठेवावा अशी एक सूचना आली. नको ठरलं; नोंदवही पुस्तकाएवढी होईल.

दोघांनी कादंबरी आधी वाचली आहे. त्यांच्यावर बंधन : ‘पुढे कळेलच’ एवढंसुद्धा म्हणायचं नाही. त्या दोन शब्दांनीच अर्धं कळतं.

१४ जानेवारी २०२४ : थांबा १

सुरुवातीपासून मादलेन नावाच्या केकच्या प्रसंगापर्यंत. अंथरुणातली जाग, आईने पापा घ्यायला वर यावं म्हणून मुलाने केलेली धडपड, शेजारचा स्वान जेवायला आलेला असल्यामुळे ती न येणं, मग वडिलांच्या अचानक मवाळपणामुळे तिने रात्रभर खोलीत थांबून जॉर्ज सँडची ‘फ्राँस्वा ल शाँपी’ वाचून दाखवणं. १९१३ मध्ये एका प्रकाशकाने हस्तलिखित परत करताना, माणूस अंथरुणात कूस बदलतो त्याला तीस पानं कशाला, अशा अर्थाचं कळवलं होतं. आजच्या भेटीतही दोघांचं तेच म्हणणं पडलं, सभ्य शब्दांत.

अडचण वाक्यांची. इथेच एक सराव केला, तो पुढे कायम ठेवायचा आहे. उदाहरणाला खोल्यांचं वाक्य घेतलं : झोपेतून जागा होणारा निवेदक आयुष्यात जिथे जिथे झोपला त्या खोल्या एकामागून एक आठवतो, आणि ते सगळं एकाच वाक्यात.

पहिल्यांदा न थांबता वाचा, कळो न कळो. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन कर्ता आणि मुख्य क्रियापद अधोरेखित करा. या वाक्यात ते अगदी सुरुवातीलाच आहेत : मला खोल्या आठवत. बाकी पानभर त्या ‘खोल्या’ला लागलेली विशेषणवाक्यं. तिसऱ्यांदा दोन आवाजांत वाचा. एकाने मुख्य धागा वाचायचा, दुसऱ्याने कंसातलं आणि ‘जिथे’, ‘ज्यात’ने सुरू होणारं. दोन आवाज झाले की वाक्याचा सांगाडा कानाला लगेच कळतो : हिवाळ्यातली खोली, उन्हाळ्यातली खोली, लुई सोळाव्याच्या थाटाची आनंदी खोली, आणि शेवटी पिरॅमिडसारखी उंच निमुळती, जिच्यात जांभळे पडदे वैरी वाटतात आणि घड्याळ आपल्याला न जुमानता मोठमोठ्याने बडबडतं.

चूक कुठे होते तेही दिसलं. बहुतेक जण अर्धविरामाला वाक्य संपलं असं धरतात आणि पुढच्या तुकड्यात नवीन कर्ता शोधत बसतात. सापडत नाही, मग वाक्य ‘अवघड’ ठरतं. मराठीच्या सवयीने आपण क्रियापदाची वाट शेवटपर्यंत बघतो. इथे ते कधीच येऊन गेलेलं असतं.

त्याच शेवटच्या खोलीत निवेदकाला एका अनोळखी वासाने गुदमरायला होतं. तो वास वाळ्याचा आहे. मूळ शब्द ‘व्हेतिव्हेर’, तमिळमधून गेलेला. ज्या वासाने आपल्याकडे माठातलं पाणी आणि एप्रिलची दुपार आठवते, त्याच वासाने त्या मुलाचा जीव घाबरा होतो. इंग्रजीत सगळ्यांनी ती जागा वाचून पुढे टाकली होती. कोणीतरी शब्दकोश उघडला तेव्हा भेट वीस मिनिटं लांबली.

२१ जानेवारी २०२४ : थांबा २

दुरुस्ती. गेल्या वेळी तिघांनी ‘लाइम-ब्लॉसम’चा काढा म्हणजे लिंबाच्या फुलांचा असं धरलं होतं. नाही. फ्रेंच शब्द ‘तियल’, युरोपातलं लिंडन नावाचं झाड, लिंबाशी नातं नाही. वाळलेली फुलं आणि पानं गरम पाण्यात टाकतात. आत्या लेओनी अंथरुणात बसून तो काढा पिते. मादलेन म्हणजे शिंपल्याच्या साच्यात भाजलेला छोटा मऊ केक. नानकटाई डोळ्यांपुढे आणू नका, ती चहात विरघळून तळाला जाते. इराणी हॉटेलातला मावा केक बराच जवळचा. आधीच्या खर्ड्यात प्रूस्तने इथे भाजलेला पाव घातला होता.

४ फेब्रुवारी २०२४ : थांबा ४

काँब्रे, म्हणजे निवेदकाच्या लहानपणच्या गावावरचा पहिला तुकडा, संपलं. ‘काहीच घडत नाही’ ही तक्रार चार आठवडे येत होती, तिचं कारण आज व्याकरणात सापडलं.

फ्रेंचमध्ये काँब्रेचा बराचसा भाग अपूर्ण भूतकाळात आहे, म्हणजे दर रविवारी, दर उन्हाळ्यात जे होत असे ते. इंग्रजीत त्याला दर वेळी ‘वुड’ किंवा ‘यूज्ड टू’ लावावं लागतं. अनुवादक कंटाळून साधा भूतकाळ वापरतो आणि नेहमीचं काय, एकदाच झालेलं काय हे पुसट होतं. आपल्याकडे यासाठी रीतिभूतकाळ घरचाच आहे : आत्या खिडकीतून रस्ता न्याहाळी, स्वयंपाकीण फ्राँस्वाज वर जाई, मग घंटा वाजे. दोन पानं तशी तोंडी मराठीत करून पाहिली. लगेच उमगलं की ‘त्या दिवशी’ आलं की सावध व्हायचं : सवयीच्या संथ वाहत्या पाण्यात एकच घटना टाकलेली असते, आणि पुढे उपयोगी पडते ती तीच.

जवळून बघण्यासारखं एक. एका उन्हाळ्यात रोज शतावरीच्या कोंबांची भाजी होत असे. आपल्या शतावरीची ही युरोपी बहीण. पुढे कळतं की कोंब सोलताना स्वयंपाकघरातल्या गरोदर पोरीला दम्याचे झटके येत, आणि तिने काम सोडून जावं म्हणूनच फ्राँस्वाज मुद्दाम तीच भाजी ठेवत असे. प्रेमळ वाटणारी स्वयंपाकीण एका वाक्यात उलटी होते. असं वाक्य परिच्छेदाच्या शेवटी, कसलाही गाजावाजा न करता येतं. परिच्छेदाची शेवटची तीन वाक्यं चाळायची नाहीत, बाकी एखादं चाळलं तर चालेल.

२५ फेब्रुवारी २०२४ : थांबा ७

स्वान आणि ओदेत. हा तुकडा निवेदकाच्या जन्माआधीचा, तृतीयपुरुषी, आणि सगळ्यांना सोपा गेला. दोन जण थांबा ८ पर्यंत पुढे धावले. पुढे धावणारे भेटीत गप्प बसतात किंवा चुकून बोलतात, दोन्ही वाईट. ज्याला वेळ उरला आहे त्याने मागचं पुन्हा वाचावं.

चित्रं समोर ठेवा. स्वानला ओदेत पहिल्यांदा आवडत नाही. सिस्टीन चॅपेलमधल्या बोत्तिचेल्लीच्या भित्तिचित्रातली झिप्पोरा तिच्यात दिसल्यावर आवडू लागते. ते चित्र न बघता हा भाग वाचला तर स्वान नुसता मूर्ख वाटतो. बघितल्यावरही वाटतो, पण का ते कळतं.

१० मार्च २०२४ : थांबा ९, भाग १ पूर्ण

अमेरिकेत आज घड्याळं एक तास पुढे गेली. आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे कालपर्यंत न्यू जर्सीचे सकाळचे नऊ, आजपासून दहा. दोघं तासभर आधी येऊन बसले. ३ नोव्हेंबरला उलटं होईल, तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवलं.

हा भाग १९१३ मध्ये ग्रासे या प्रकाशकाने छापला, खर्च प्रूस्तचा. दुसरा प्रकाशक गालिमार, त्याच्या गोटातला लेखक आंद्रे जीदने तो आधी नाकारला होता, पुढे पत्र लिहून चूक कबूल केली. १७ ला सुट्टी.

१४ एप्रिल २०२४ : थांबा १३

नोंदवही मोडली. शोध टाकला की माणूस सापडत नाही, कारण एकच घराणं ‘गेर्मांत’, ‘ग्वेरमांटेस’, ‘गरमाँत’ अशा तीन नावांनी नोंदलं गेलंय. ऑडिओ ऐकणारे कानाने लिहितात, वाचणारे डोळ्याने. चाळीस नावांची एक पक्की यादी केली : गेर्मांत, शार्ल्यूस, साँ-लू, व्हेर्द्युराँ, व्हिलपारिझी, व्हाँतय, एल्स्तीर, बेर्गोत. फ्रेंच जाणणाऱ्याला यातली काही खटकतील. इथे शुद्धतेपेक्षा सगळ्यांचं एकच असणं महत्त्वाचं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जुन्या नोंदी सुधारण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

२६ मे २०२४ : थांबा १९, भाग २ पूर्ण

बालबेकचा समुद्रकिनारा, त्यामागे नॉर्मंडीतलं काबूर. ज्या गावावरून काँब्रे बेतलं ते इल्ये मात्र १९७१ मध्ये, प्रूस्तच्या जन्मशताब्दीला, स्वतःचं नाव बदलून इल्ये-काँब्रे झालं. या भागाला १९१९ चं गाँकूर पारितोषिक मिळालं. अडचण नाही.

७ जुलै २०२४ : थांबा २४

आता खरी चढण. मादाम द व्हिलपारिझीच्या घरची एकच दुपार शंभराहून जास्त पानं चालते, आणि तिच्यात सगळे ड्रेफ्यूस प्रकरणावर आडून बोलतात. ते प्रकरण माहीत नसेल तर विनोद, अपमान, मौन, काहीच कळत नाही. म्हणून एक पानी तारीखवार केला :

१८९४ फ्रेंच सैन्यातला ज्यू अधिकारी कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफ्यूसला अटक, हेरगिरीबद्दल शिक्षा. ५ जानेवारी १८९५ जाहीरपणे पदचिन्हं उतरवली, मग डेव्हिल्स आयलंड. १८९६ खरा गुन्हेगार एस्तरहाझी असल्याचं लष्करी अधिकारी पिकारच्या लक्षात. जानेवारी १८९८ एस्तरहाझी निर्दोष. १३ तारखेला कादंबरीकार झोलाचं ड्रेफ्यूसच्या बाजूने खुलं पत्र. ऑगस्ट १८९८ बनावट कागद करणाऱ्या आँरीची आत्महत्या. १८९९ रेनला फेरखटला, पुन्हा दोषी, मग माफी. १९०६ पूर्ण दोषमुक्त.

यातली १८९८ ही ओळ या बैठकीसाठी मुख्य. प्रत्येक पात्रापुढे ‘बाजूने’, ‘विरुद्ध’, ‘सांगत नाही’ असा शेरा आणि थांबा क्रमांक लिहायचा; पुढे कोण बाजू बदलतो ते बघायला हवं.

बैठकीचा नकाशाही काढला. कागदावर चौकोन, मध्ये यजमानीण फुलांची चित्रं रंगवत बसलेली, भोवती गोलात नावं. कोणी आलं की बाण आत, गेलं की बाण बाहेर. लग्नघरातली पंगत आठवा : कोण कोणाशेजारी बसतं आणि कोणाला पाट मिळत नाही, एवढ्यावर तिथे सगळं चालतं. हे पटल्यावर तक्रारी कमी झाल्या.

इंग्रजीत एक गोष्ट साफ बुडते, ती म्हणजे अहो-जाहो. मागच्या थांब्यात दोनसिएरच्या छावणीत निवेदक आणि त्याचा मित्र साँ-लू एकमेकांना अरे-तुरे करायचं ठरवतात. इंग्रजी ‘यू’ला पत्ताच लागत नाही. अशा जागी थांबून मराठीत म्हणून बघावं.

२१ जुलै २०२४ : थांबा २६

आजीचं आजारपण. डॉक्टर एकामागून एक येतात, प्रत्येक जण आत्मविश्वासाने चुकतो. लिहिणारा डॉक्टरचा मुलगा आहे हे लक्षात ठेवून वाचा. आद्रियाँ प्रूस्त साथीच्या रोगांचे मोठे जाणकार. मुंबईत १८९६ ला प्लेग उसळल्यावर तो युरोपात शिरू नये म्हणून १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे ते फ्रान्सतर्फे होते आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. पुण्यात रँडचा खून झाला ते हेच साल. कादंबरीत यातलं काही नाही, पण आपल्याकडच्या इतिहासाचा धागा त्या घराच्या जेवणाच्या टेबलापर्यंत गेला होता खरा.

११ ऑगस्ट २०२४ : थांबा २९

गेर्मांत घराण्यातल्या डचेसच्या घरचं जेवण. तीन थांबे झाले, उठायचं नाव नाही. सतरा जणांपैकी आता अकरा.

गळतीचं कारण शोधलं. जे गेले ते अवघड मजकुरामुळे गेले नाहीत. ते दोन आठवडे मागे पडले, मग ‘आधी भरून काढतो, मग येतो’ म्हणाले. भरून काढणं कधीच होत नाही. नवा नियम : मागे पडलेल्याने मधलं सोडून चालू थांब्यावर यायचं, सुटलेल्याचा दहा ओळींचा सारांश दुसऱ्याने लिहायचा. शुद्धतावाद्यांना हे आवडलं नाही. दोघं परत आले.

२५ ऑगस्ट २०२४ : थांबा ३१, भाग ३ पूर्ण

लाल बूट. स्वान सांगतो की आपण काही महिन्यांचे सोबती; ड्यूकला जेवणाला उशीर होतोय, थांबायला वेळ नाही, पण बायकोने काळ्या बुटांऐवजी लाल घालून यावं एवढा वेळ आहे. दीडशे पानांचं ते जेवण कशासाठी होतं ते या दोन पानांत वसूल होतं. भेटीत फारसं कोणी बोललं नाही.

१५ सप्टेंबर २०२४ : थांबा ३२

चौथ्या भागाच्या सुरुवातीला कादंबरीतल्या सर्वांत लांब वाक्यांपैकी एक आहे, फ्रेंचमध्ये आठशेहून जास्त शब्दांचं, समलिंगी पुरुषांच्या लपूनछपून जगण्याबद्दल. दोन आवाजांची पद्धत पुरली नाही, चार लागले. सांगाडा मात्र खोल्यांच्या वाक्यासारखाच : एक नाम, आणि त्याला लटकलेली पन्नासेक विशेषणवाक्यं. ‘ज्यांना’, ‘ज्यांना’, ‘ज्यांना’ असं मराठीत म्हणत गेलं की श्वास नीट लागतो. मराठीची जो-तो रचना इथे इंग्रजीपेक्षा जास्त कामाची.

१० नोव्हेंबर २०२४ : थांबा ३९

छोट्या आगगाडीत प्राध्यापक ब्रिशो गावांच्या नावांची व्युत्पत्ती सांगत सुटतो, पानंच्या पानं. ओनफ्लर, बारफ्लरमधलं ‘फ्लर’ म्हणजे फूल नव्हे, वगैरे. वगळायचं का, यावर मतं घेतली. ठरलं असं की चाळा, सोडू नका. पहिल्या भागात निवेदक गावांच्या नुसत्या नावांवर स्वप्नं रचतो, इथे प्राध्यापक त्याच नावांची हाडं मोजतो. ती उतरंड कळायला कंटाळा थोडा भोगावा लागतो. डोंबिवली, कांदिवलीच्या ‘वली’त पल्ली आहे हे पहिल्यांदा कळतं तेव्हा स्टेशनची पाटी जशी बदलते, तसंच.

५ जानेवारी २०२५ : थांबा ४७

नोंदवहीत चूक म्हणून तीन तक्रारी. डॉक्टर कोतारपुढे ‘मृत’ लिहिलंय आणि तो त्याच संध्याकाळी बैठकीत हजर आहे. नोंदवही बरोबर आहे. प्रूस्त १८ नोव्हेंबर १९२२ ला वारला. पाच, सहा आणि सात हे भाग त्याच्या मागे १९२३, १९२५ आणि १९२७ मध्ये आले. शेवटचा हात फिरवायचा राहिला. तो हस्तलिखितात कागदाच्या पट्ट्या चिकटवून मजकूर वाढवत असे, त्यामुळे एका पट्टीवर मेलेला माणूस दुसरीवर जिवंत. अशा जागी नोंदवहीत तारा काढायचा आणि पुढे जायचं.

निवेदकाचं नाव ‘मार्सेल’ असं याच भागात येतं, फक्त दोनदा, त्यातलंही एकदा ‘असं धरलं तर’ म्हणून. ‘मार्सेल म्हणतो’ असं भेटीत बोलायची सवय सोडा.

कादंबरीतला लेखक बेर्गोत एक चित्र बघताना मरतो, ते गेल्या थांब्यांत झालं. फेर्मेरचं ‘डेल्फ्टचं दृश्य’ मोठ्या पडद्यावर लावून भिंतीचा तो पिवळा तुकडा शोधला. चौघांनी चार वेगळ्या जागा दाखवल्या.

२ फेब्रुवारी २०२५ : थांबा ५१

सहाव्या भागात आवृत्त्यांची फारकत सर्वांत जास्त. माँक्रिफने वापरलेली फ्रेंच संहिता पहिल्या छपाईची. किल्मार्टिन १९५४ च्या ‘प्लेयाद’ या फ्रेंच ग्रंथमालेतल्या आवृत्तीवर चालला, एन्राइट १९८७ ते ८९ च्या. शिवाय प्रूस्तने स्वतः दुरुस्त केलेली एक टंकलिखित प्रत १९८६ मध्ये सापडली, तिच्यात त्याने सुमारे अडीचशे पानं काढून टाकली होती आणि निवेदकाची प्रेयसी आल्बेर्तीन हिचा अपघात व्हिव्होन नदीकाठी, म्हणजे काँब्रेच्या परिसरात, आणून ठेवला होता. आपल्यापैकी कोणाच्याही पुस्तकात ती नदी इथे नाही. ‘तुझ्याकडे हा परिच्छेद आहे का’ यात अर्धी भेट गेली. पुढच्या वेळेपासून फक्त एन्राइटची प्रत प्रमाण, बाकीच्यांनी ऐकायचं.

६ एप्रिल २०२५ : थांबा ५९

निवेदकाच्या आठवणी जाग्या करणाऱ्या गोष्टी : अंगणातल्या खालीवर झालेल्या दोन फरशा. मग ताटलीवर वाजलेला चमचा, ओठांना लागलेला खळीचा रुमाल, आणि ग्रंथालयात हाताला लागलेली ‘फ्राँस्वा ल शाँपी’.

नोंदवहीत हे पुस्तक शोधलं. नाही. पंधरा महिन्यांत ३१२ माणसांच्या ओळी भरल्या, वस्तू एकही नाही. सहा जणांना थांबा १ मधली ती रात्र आपसूक आठवली, पाच जणांना सांगावी लागली. वस्तूंचा रकाना असता तर अकराही जणांना पहिल्या सेकंदाला कळलं असतं, आणि ज्या सहांना आठवलं त्यांचीही मजा गेली असती. त्यामुळे तो रकाना नव्हता हे बरं की वाईट, यावर एकमत नाही. प्रस्ताव : शेवटचे तीन थांबे नोंदवही बंद ठेवून वाचायचे. मंजूर.

२७ एप्रिल २०२५ : थांबा ६२

कादंबरीचा पहिला शब्द ‘लाँताँ’, म्हणजे बराच काळ. शेवटचा ‘ताँ’, काळ, मोठ्या अक्षराने. इंग्रजीत दोन्ही टोकं जमेल तशी सांभाळली आहेत. मराठीत शेवट जमवायला बसलो तर क्रियापद मध्ये येतं. ‘काळात’वर वाक्य संपवलं की कविता होते आणि ‘काळात ठेवीन’ म्हटलं की टोक बोथट होतं. पाच प्रयत्न झाले, एकही तक्त्यावर चढवला नाही.

शेवटच्या पानांत निवेदकाला बागेच्या फाटकाची घंटी ऐकू येते. स्वान निघून गेला, आता आई वर येईल असं सांगणारी काँब्रेची घंटी, इतक्या वर्षांनी, पॅरिसच्या गर्दीत. थांबा १ उघडून दोन्ही उतारे शेजारी ठेवले. तिथे दोन आवाज आहेत : घरची माणसं न वाजवता आत आली की खडखडणारी लोखंडी, न संपणारी, कर्कश घुंगुरघंटा, आणि पाहुण्यांसाठी दोनदा लाजत वाजणारी, लंबगोल, सोनेरी घंटी. स्वान पाहुणा, त्याची दुसरी. शेवटच्या पानावर निवेदक स्वानची घंटी ऐकतो, पण तिला विशेषणं पहिलीची लावतो : लोखंडी, न संपणारी, कर्कश.

ही चूक प्रूस्तची की निवेदकाच्या आठवणीची, यावर भेट साडेनऊपर्यंत चालली.

नोंदवहीत शेवटी एक ओळ घातली. नाव : घंटी. इतर नावं : घुंगुरघंटा. पहिल्यांदा : थांबा १. शेवटचं : थांबा ६२. ‘कोणाचा कोण’ हा रकाना रिकामा.